ताटाच्या कडेला सारलेली मिरची

मेसमध्ये ढोबळी मिरचीची, म्हणजे आपल्या भाषेत सिमला मिरचीची भाजी असली, की त्या रात्री खरकटी ताटं ठेवायच्या जागेकडे एकदा बघा. भाजीतला बटाटा संपलेला असतो, रस्सा पोळीने पुसून घेतलेला असतो आणि जवळजवळ प्रत्येक ताटाच्या कडेला हिरव्या तुकड्यांची एक टेकडी रचलेली असते. खोटं कशाला बोलू, मीही दोन वर्षं अशा टेकड्या रचल्या आहेत.

मित्रांनो, साधारण नव्वद वर्षांपूर्वी हंगेरी देशातल्या एका प्रोफेसरांनीही रात्रीच्या जेवणात समोर आलेली अशीच मिरची खायची टाळली होती. पण त्यांनी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली नाही. त्यांनी ती लॅबमध्ये नेली! पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांचं नाव अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी. आपण गोळीच्या रूपात चघळतो त्या व्हिटॅमिन सी चा शोध ज्यांच्या नावावर आहे, ते हेच.

अल्बर्टचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ रोजी बुडापेस्टला झाला. वडील जमीनदार, त्यांना शेती आणि जनावरं सोडून कशात रस नव्हता. आईच्या माहेरी मात्र पिढ्यानपिढ्या शास्त्रज्ञ. आजोबा शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक, आणि मामा मिहाय लेन्होशेक हेसुद्धा त्याच विषयातलं मोठं नाव. अशा घरात लहानगा अल्बर्ट अभ्यासात अगदीच यथातथा! पुस्तक वाचायचा कंटाळा, परीक्षेत पास होण्यासाठी शिकवणी. मामांचं तर ठाम मत झालं होतं, की हा मुलगा ढ आहे आणि संशोधन वगैरे याच्या बस की बात नाही. पुढे सोळा-सतरा वर्षांच्या वयात त्याला अचानक वाचनाची गोडी लागली आणि मार्क वाढले, तेव्हा कुठे मामा जरा नरमले. तरी आपल्या प्रयोगशाळेत घेताना त्यांनी भाच्याला पहिला विषय दिला तो गुदद्वाराच्या आतल्या आवरणाचा, कारण मामांना स्वतःला मूळव्याधीचा त्रास होता! नोबेल मिळवणाऱ्या माणसाचा पहिला शोधनिबंध या विषयावर आहे. मिनी प्रोजेक्टला मनासारखा टॉपिक मिळाला नाही म्हणून रडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

१९११ मध्ये अल्बर्टने मेडिकलला प्रवेश घेतला आणि १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. शिक्षण अर्धवट टाकून आघाडीवर जावं लागलं. शौर्याबद्दल पदक मिळालं, पण दोन वर्षं खंदकांमधली माणसं मरताना पाहून मन विटलं. हे युद्ध हरलेलंच आहे आणि आपण इथे फुकट मरणार, अशी खात्री पटल्यावर १९१६ मध्ये एके दिवशी त्याने स्वतःच्या दंडात गोळी झाडून घेतली आणि शत्रूची गोळी लागल्याचं सांगितलं. हाड मोडलं, घरी पाठवणी झाली आणि १९१७ मध्ये डॉक्टरकीची पदवी हातात पडली. ह्याला भित्रेपणा म्हणायचं की शहाणपण, ते ज्याचं त्याने ठरवावं. एवढं मात्र खरं, की युद्धाबद्दलची ही चीड त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही.

युद्धात हंगेरी हरला. देशाचे तुकडे झाले, पैशाची किंमत उतरली. बायको कोर्नेलिया आणि छोटी मुलगी नेली यांना घेऊन सेंट-ग्यॉर्गी गावोगाव फिरू लागले. प्राग, बर्लिन, हॅम्बुर्ग, लायडेन आणि शेवटी हॉलंडमधलंच ग्रोनिंगेन. जिथे काम मिळेल तिथे बिऱ्हाड.

ग्रोनिंगेनमध्ये त्यांना एक प्रश्न छळू लागला. सफरचंद किंवा बटाटा चिरून ठेवला की थोड्या वेळात तपकिरी होतो. लिंबू, संत्र का होत नाही? आपण घरी हजारदा पाहिलेली गोष्ट! यामागे ऑक्सिडेशन आहे हे माहीत होतं. म्हणजे लिंबाच्या रसात असं काहीतरी असणार, जे या ऑक्सिडेशनला लगाम घालतं. दुसरीकडे त्यांच्या डोक्यात अ‍ॅडिसन नावाचा आजार होता. त्यात मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम करेनाशा होतात आणि रोग्याची कातडी काळपट-तपकिरी दिसू लागते. सफरचंदाचा तपकिरी रंग आणि रोग्याचा तपकिरी रंग यांचं काही नातं असेल का? आज आपल्याला ठाऊक आहे, की या दोन रंगांची कारणं अगदी वेगवेगळी आहेत. पण या चुकीच्या तर्काच्या मागे जाऊन त्यांनी अ‍ॅड्रिनल ग्रंथी तपासल्या, आणि तिथे खरोखरच लिंबासारखंच ऑक्सिडेशन रोखणारं द्रव्य सापडलं. रस्ता चुकला, पण गाव बरोबर लागलं!

नेमकं तेव्हाच नशीब फिरलं. ग्रोनिंगेनमधल्या नव्या वरिष्ठांशी पटेना, नोकरी सुटली. १९२६ मध्ये बायको-मुलीला माहेरी पाठवून सेंट-ग्यॉर्गी एकटेच उरले. वय तेहतीस, हातात पैसा नाही, पुढे काही दिसत नाही. आयुष्य संपवण्याचे विचार मनात येऊ लागले होते. अशा अवस्थेत, एकदा शेवटचं जाऊन यावं म्हणून ते स्टॉकहोमच्या शरीरक्रियाशास्त्राच्या परिषदेला गेले. तिथे अध्यक्षीय भाषण होतं केंब्रिजच्या सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांचं. जीवरसायनशास्त्रातला केवढा मोठा माणूस! मागच्या रांगेत बसलेल्या सेंट-ग्यॉर्गींच्या कानावर त्या भाषणात स्वतःचंच नाव पडलं. हॉपकिन्स त्यांच्या एका शोधनिबंधाचा दाखला देत होते. भाषणानंतर धीर करून ते भेटायला गेले, आणि हॉपकिन्सनी त्यांना चक्क केंब्रिजला यायचं निमंत्रण दिलं. रॉकफेलर फाउंडेशनची फेलोशिपही मिळाली.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगतोय. आपल्या हॉस्टेलमध्येही रिझल्टच्या दिवशी दार लावून बसणारे असतात. त्या परिषदेला ते गेलेच नसते तर? निराशेच्या दिवसांत घेतलेले निर्णय फार घाईचे असतात, आणि आपलं काम कोणीतरी वाचत असतं हे आपल्याला ठाऊकच नसतं. अशा वेळी खोलीबाहेर पडावं, कोणाशीतरी बोलावं. शेजारच्या खोलीचं दार वाजवलं तरी चालतं.

केंब्रिजमध्ये त्यांनी ते द्रव्य शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळं केलं. अ‍ॅड्रिनल ग्रंथींमध्ये, संत्र्यांमध्ये, कोबीमध्ये तेच द्रव्य. सहा कार्बन, आठ हायड्रोजन, सहा ऑक्सिजन एवढं कळलं, पण रचना कळेना. मग नाव काय द्यायचं? साखरेच्या कुळातल्या पदार्थांच्या इंग्रजी नावांच्या शेवटी 'ओज' येतं, जसं ग्लुकोज, फ्रुक्टोज. सेंट-ग्यॉर्गींनी लिहून पाठवलं 'इग्नोज', म्हणजे काय आहे ते ठाऊक नाही अशी साखर! जर्नलच्या संपादकांना हा विनोद रुचला नाही. दुसरं नाव पाठवलं 'गॉडनोज', म्हणजे देवच जाणे! संपादकांनी तेही खोडून 'हेक्झुरॉनिक अ‍ॅसिड' हे शहाण्यासारखं नाव ठेवायला लावलं. १९२७ मध्ये याच कामावर त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली.

आता खरी अडचण सुरू झाली, आणि ती आपल्या इंजिनिअर मंडळींना लगेच कळेल अशी होती. कच्चा माल! रचना शोधायची तर द्रव्य भरपूर हवं. संत्र्या-लिंबाच्या रसात साखरा इतक्या, की त्यांच्यातून हे अ‍ॅसिड वेगळं करता करता नाकी नऊ येत. ग्रंथी मिळवायच्या तर कत्तलखाना हवा. म्हणून १९२९ मध्ये ते अमेरिकेत मेयो क्लिनिकला गेले, कारण जवळच्या सेंट पॉल शहरात मोठमोठे कत्तलखाने होते. ढिगांनी ग्रंथी आणल्या, सुमारे वर्षभर राबले आणि हाती आलं साधारण पंचवीस ग्रॅम द्रव्य. मेसच्या वाटीत तळाला दिसेल एवढं! त्यातला वाटा त्यांनी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या नॉर्मन हॉवर्थ या रसायनशास्त्रज्ञांना रचना शोधण्यासाठी दिला. तेवढ्याने काम भागणार नाही, असं हॉवर्थना आढळलं. गाडी अडली.

दरम्यान हंगेरीचे शिक्षणमंत्री कुनो क्लेबेल्सबर्ग यांनी त्यांना मायदेशी बोलावलं आणि ते सेगेड या गावच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९३१ च्या शेवटी तिथे जोसेफ स्वरबेली नावाचा तरुण आला. जन्माने अमेरिकन, मुळाने हंगेरियन. पिट्सबर्गच्या चार्ल्स किंग यांच्या लॅबमध्ये त्याने व्हिटॅमिन सी वर काम केलं होतं. तोपर्यंत व्हिटॅमिन सी हे फक्त एक नाव होतं. ते नसलं की स्कर्व्ही होतो एवढं माहीत होतं. स्कर्व्ही म्हणजे जुन्या दर्यावर्दी लोकांचा काळ. महिनोन् महिने समुद्रावर, ताजी भाजी नाही, मग हिरड्या सुजून रक्त येतं, दात हलतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात आणि माणूस मरतो. जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने १७४७ मध्ये संत्री-लिंबं देऊन खलाशी बरे करून दाखवले होते. पण लिंबातलं नेमकं काय काम करतं, हे जवळजवळ दोनशे वर्षं कोणालाच सांगता आलं नव्हतं.

गंमत म्हणजे सेंट-ग्यॉर्गींना व्हिटॅमिनमध्ये काडीचा रस नव्हता. व्हिटॅमिन म्हणजे न खाल्ल्यास आजारी पाडणारी वस्तू, तेव्हा तो शास्त्रज्ञाचा नसून स्वयंपाक्याचा विषय आहे, असं त्यांचं मत होतं. (आमच्या मेसच्या महाराजांना हे सांगितलं पाहिजे!) त्यांनी डब्यात पडलेलं हेक्झुरॉनिक अ‍ॅसिड स्वरबेलीच्या हाती ठेवलं आणि गिनीपिगवर तपासायला सांगितलं. गिनीपिगच का? कारण बहुतेक प्राणी व्हिटॅमिन सी स्वतःच्या शरीरात तयार करतात, पण माणसासारखंच गिनीपिगलाही ते जमत नाही. प्रयोग साधा. सगळ्यांना उकळलेलं अन्न, म्हणजे त्यातलं व्हिटॅमिन गेलेलं. काहींना वरून हे अ‍ॅसिड रोज थोडंसं. ज्यांना मिळालं नाही ते स्कर्व्हीने मेले, ज्यांना मिळालं ते टुणटुणीत राहिले. देवच जाणे म्हणून सोडून दिलेलं द्रव्यच व्हिटॅमिन सी निघालं!

यातून वादही पेटला. किंग यांनी आपला निष्कर्ष १ एप्रिल १९३२ रोजी प्रसिद्ध केला आणि सेंट-ग्यॉर्गी-स्वरबेलींचा १६ एप्रिलला छापून आला. श्रेय कोणाचं, यावर अमेरिकेत बराच काळ भांडण चाललं. आपल्याकडे ग्रुप प्रोजेक्टमध्ये नाव आधी कोणाचं यावरून होतं, तसंच!

पण कच्च्या मालाचा प्रश्न तसाच होता. ग्रंथींपासून केलेला साठा संपत आला होता. आणि मग ती रात्र आली. कोर्नेलियाबाईंनी जेवणात ताजी गोडी मिरची वाढली. साहेबांना ती खायची इच्छा नव्हती. नको म्हणायचीही चोरी! तेवढ्यात लक्षात आलं, की एवढ्या वनस्पती तपासल्या, पण ही एक कधी तपासलीच नाही. मिरची उचलली आणि थेट लॅब गाठली. मध्यरात्रीपर्यंत उत्तर मिळालं. मिरची व्हिटॅमिन सी ने ठासून भरलेली होती, आणि लिंबासारखी साखरांची कटकटही नव्हती.

विशेष म्हणजे सेगेड हे गाव पॅप्रिकाचं, म्हणजे मिरचीच्या लाल पुडीचं माहेरघर. आपल्याकडे मिरचीचं नाव काढलं की ब्याडगी आठवते, तसं हंगेरीत सेगेड. ज्या वस्तूसाठी माणूस समुद्र ओलांडून कत्तलखान्यांत फिरला, ती त्याच्या गावच्या बाजारात ढिगांनी विकायला होती! काही आठवड्यांत तीन पौंड, म्हणजे जवळजवळ दीड किलो शुद्ध व्हिटॅमिन तयार झालं. कुठे पंचवीस ग्रॅम आणि कुठे दीड किलो!

आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. हा साठा त्यांनी कपाटात कुलूप लावून ठेवला नाही. ज्या ज्या शास्त्रज्ञांना काम करायचं होतं, त्यांना तो वाटून टाकला. हॉवर्थनाही भरपूर मिळाला आणि त्यांनी १९३३ मध्ये रचना उलगडली. दोघांनी मिळून नवं नाव ठेवलं 'अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड', म्हणजे स्कर्व्ही होऊ न देणारं. १९३७ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल एकट्या सेंट-ग्यॉर्गींना मिळालं आणि रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये हॉवर्थना वाटा मिळाला. किंग यांचं नाव आलं नाही, ही रुखरुख अनेकांना राहिली.

आता थोडं आपल्या ताटाबद्दल. हंगेरीची ती गोडी मिरची आणि आपली सिमला मिरची एकाच जातीची भावंडं. मूळ दोघींचंही अमेरिका खंडात. आपल्याकडे मिरची आणली पोर्तुगीजांनी, गोव्यामार्गे, आणि हंगेरीत पोचवली तुर्कांनी. सिमला मिरचीत तिखटपणाचं कॅप्सेसिन हे द्रव्य बनत नाही म्हणून ती तिखट लागत नाही. शंभर ग्रॅम कच्च्या हिरव्या मिरचीत, म्हणजे या ढोबळीत, साधारण ८० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असतं, पिकून लाल झालेलीत सुमारे १३०. तेवढ्याच संत्र्यात पन्नासच्या आसपास! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार रोजची गरज पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम. म्हणजे एका मध्यम मिरचीत जवळपास दिवस निघतो. शिवाय शंभर ग्रॅममागे उष्मांक जेमतेम वीस ते तीस, थोडे तंतू, बी-६ आणि फोलेट. हिरवी आणि लाल ही एकाच फळाची दोन वयं आहेत, आणि लालमध्ये बीटा कॅरोटिन कितीतरी पटींनी जास्त असतं.

हे व्हिटॅमिन करतं काय? कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्या यांना बांधून ठेवणारं कोलॅजन पक्कं करायला ते लागतं. म्हणूनच ते नसलं की हिरड्या सैल होतात. दुसरं, उसळी आणि पालेभाज्यांमधलं लोह शरीरात शोषलं जायला ते मदत करतं. शाकाहारी मेसमध्ये जेवणाऱ्यांना, आणि विशेषतः मुलींना, हा मुद्दा महत्त्वाचा. मात्र व्हिटॅमिन सी घेतलं की सर्दी होतच नाही, ही समजूत खरी नाही. आणि सिमला मिरचीला पर्यायच नाही असंही नाही. आपला पेरू आणि आवळा तिच्याही पुढे आहेत. पण हे व्हिटॅमिन पाण्यात विरघळतं, उष्णतेने आणि हवेने नष्ट होतं. भाजी सकाळी चिरून ठेवून संध्याकाळी रटरटा उकळली, तर उरतो तो फक्त चोथा. थोड्या तेलावर पटकन परतली, किंवा कच्चीच कोशिंबिरीत घातली, तर फायदा. म्हणजे तो विषय शेवटी स्वयंपाक्याचा निघालाच की!

नोबेलनंतर सेंट-ग्यॉर्गी आरामात बसले नाहीत. सेगेडमध्येच इलोना बांगा, ब्रुनो श्ट्राउब या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी स्नायू आकुंचन कसे पावतात यावर काम केलं. मायोसिन आणि अ‍ॅक्टिन या प्रथिनांचे धागे काचेच्या बशीत ठेवून एटीपी घातलं, की ते आपोआप आखडत. शरीरातली मोटर बशीत चालू झाली! रशियाने फिनलंडवर हल्ला केला तेव्हा त्यांनी आपलं सोन्याचं नोबेल पदक फिनलंडच्या मदतीसाठी देऊन टाकलं. दुसऱ्या महायुद्धात हंगेरी हिटलरच्या बाजूने होता, पण हे कट्टर विरोधात. १९४३ मध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने ते इस्तंबूलला गेले आणि दोस्त राष्ट्रांशी गुपचूप बोलणी करून आले. जर्मनांना सुगावा लागला. मग नजरकैद, आणि पुढे बुडापेस्टमध्ये लपून काढलेले दिवस. स्वीडनच्या वकिलातीने आसरा दिला म्हणून वाचले.

युद्धानंतर मायदेशी नव्या राजवटीतही मोकळा श्वास घेता येईना. १९४७ मध्ये ते अमेरिकेत वुड्स होल या समुद्रकाठच्या गावी गेले ते कायमचे. दुसरी पत्नी मार्टा १९६३ मध्ये आणि मुलगी नेली १९६९ मध्ये, दोघीही कॅन्सरने गेल्या. उरलेलं आयुष्य त्यांनी कॅन्सरच्या संशोधनात घालवलं. ते कोडं काही सुटलं नाही, पैशाचीही सतत ओढाताण होती. पण ऐंशी ओलांडल्यावरही लॅबला जाणं थांबलं नाही. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ते गेले. सेगेडची मेडिकल फॅकल्टी आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

मामांच्या दृष्टीने ढ असलेल्या या मुलाकडे वेगळं काय होतं? मला वाटतं, रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे पुन्हा बघायची सवय. चिरलेलं सफरचंद सगळ्यांनीच पाहिलं होतं. ताटातली नावडती मिरची तर आपण दर आठवड्याला पाहतो.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी ताटाच्या कडेला टेकडी रचताना दोन मिनिटं थांबा. एक तर ती लॅबमध्ये न्या. आणि तेवढा उत्साह नसेल, तर मुकाट्याने खाऊन टाका!